डब्यातला ससा

मधल्या सुट्टीची घंटा वाजते. वह्या-पुस्तके दप्तरात जातात आणि डबे बाहेर येतात. झाकणे उघडतात आणि क्षणात सारा वर्ग निरनिराळ्या वासांनी भरून जातो. कुणाच्या डब्यात खिमा-चपाती असते, कुणाच्या डब्यात बटाट्याची भाजी. कुणी रात्रीचा पुलाव आणतो, तर कुणी भाकरी आणि लसणाची चटणी. पण नीट पाहिले, तर वर्गात एखादा विद्यार्थी असाही दिसतो, जो झाकण अर्धेच उघडतो. डावा हात डब्यावर आडवा धरतो आणि मान खाली घालून घाईघाईने जेवतो. आपल्या डब्यात काय आहे ते कुणाला दिसू नये, एवढीच त्याची धडपड असते.

विद्यार्थी मित्रांनो, डबा ही वस्तू दिसायला साधी. पण तिच्यात पोटाबरोबर मनही गुंतलेले असते. म्हणून आज आपण या डब्याविषयी थोडा विचार करू.

अलीकडे लहान मुलांचे डबे सजवण्याची हौस वाढली आहे. चपातीचे फुलपाखरू, भाताचे अस्वल, काकडीची आगगाडी असे डबे तयार होतात. मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढली जातात आणि ती घरोघरी पाहिली जातात. काही लोक म्हणतात, "हे नसते लाड आहेत. अन्न खाण्यासाठी असते, खेळण्यासाठी नाही." दुसरे म्हणतात, "मूल हसत हसत जेवते, मग बिघडले कुठे?" दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे खरे आहे. माझे मत सांगण्यापूर्वी मी तुम्हांला अशा एका देशात घेऊन जाते, ज्याने डब्याची जणू कलाच केली आहे. तो देश म्हणजे जपान.

जपानी भाषेत जेवणाच्या डब्याला 'बेंतो' म्हणतात. डब्यात भात असतो. सोबत मासा किंवा अंडे, एक-दोन भाज्या आणि थोडे लोणचे. डबा लहान असला, तरी त्यात रंग अनेक असावेत, असा तिकडच्या गृहिणींचा आग्रह असतो. सर्वांत साधा बेंतो पाहा. डबाभर पांढरा भात आणि मधोमध खारवलेले एक लाल, आंबट फळ. पांढऱ्यावर लाल ठिपका, म्हणजे जपानचा झेंडाच! म्हणून त्या डब्याला नावही झेंड्याचेच मिळाले आहे, 'हिनोमारू बेंतो'. पदरी फारसे काही नसतानाही डब्याला रूप देता येते, हे त्या एका फळावरून कळते.

लहान मुलांच्या डब्यात सफरचंदाचा ससा बसलेला असतो. तो कसा करतात, ते ऐका. सफरचंदाच्या आठ फोडी करायच्या. फोडीच्या सालीवर, एका टोकापासून मध्यापर्यंत, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खूण सुरीने करायची. मग त्याच टोकाकडून साल मध्यापर्यंत सुटी करायची. मधला त्रिकोणी तुकडा गळून पडतो आणि दोन लाल कान उभे राहतात. ही फोड थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवली, की काळी पडत नाही. झाला ससा! खर्च वाढला का? नाही. सफरचंद तेच, सुरी तीच. वाढले ते दोन मिनिटांचे काम आणि मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू.

याच्याही पुढची पायरी म्हणजे 'क्याराबेन'. इंग्रजी 'कॅरेक्टर' आणि जपानी 'बेंतो' या शब्दांची तुकडे-जोड करून हे नाव तयार झाले. यात चित्रकथांमधली पात्रे डब्यात अवतरतात. भाताच्या गोळ्याचा चेहरा, समुद्रशेवाळाच्या काळ्या, कागदासारख्या पापुद्र्याचे डोळे आणि गाजराचे गाल. तिथल्या चिमुकल्यांचे एक लाडके पात्र आहे अनपानमान. ताकाशी यानासे या लेखकाने १९७३ साली चित्रांच्या पुस्तकातून त्याला मुलांसमोर आणले. अनपानमानचे डोके म्हणजे गोड सारण भरलेला पाव असतो. कुणी उपाशी दिसला, की हा वीर आपल्या डोक्याचा तुकडा मोडून त्याला खायला देतो! डब्यात त्याचा चेहरा काढणे सोपे आहे. त्याच्यासारखे वागणे मात्र अवघड आहे. हा वीर तुम्ही लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

जपानमध्ये हा सारा थाट मुख्यतः बालवाडीच्या मुलांसाठी असतो. सरकारी प्राथमिक शाळांत बहुतेक ठिकाणी दुपारचे जेवण शाळाच देते. मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून आपल्या वर्गमित्रांना वाढतात. बालवाडीतले मूल मात्र तीन-चार वर्षांचे असते. ते पहिल्यांदाच घरापासून दूर बसून जेवते. समोर आई नसते, दादी नसते. भूक असूनही घास घशाखाली उतरत नाही. अशा वेळी झाकण उघडताच ससा दिसला, तर मुलाला वाटते, आई इथेच कुठेतरी आहे. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला आईने पाठवलेली ती चिठ्ठीच असते. शिवाय गाजर पाहून तोंड फिरवणारे मूल गाजराचे फूल आवडीने खाते. म्हणून डब्यातल्या खेळाला मी नसते लाड म्हणणार नाही. त्याचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे.

पण नाण्याला दुसरी बाजूही असते. ॲन ॲलिसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी आपल्या मुलाला जपानमधील बालवाडीत घातले होते. तिथल्या डब्यांवर त्यांनी १९९१ साली एक लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की डबा मुलाचा असला, तरी परीक्षा आईची होत असते. मुलाने डबा पूर्ण आणि वेळेत संपवला पाहिजे. आईने तो सुंदर आणि नीटनेटका केला पाहिजे. डबा कमी पडला, तर आई कमी पडली असे ठरते. पुढे क्याराबेनचे वेड वाढले, तेव्हा काही बालवाड्यांनी पालकांना असे डबे न पाठवण्याची विनंती केली. कारण साधेच होते. मुले डब्यांची तुलना करू लागली होती. ज्याच्या डब्यात नुसता भात, तो हिरमुसू लागला होता.

जपानचे कशाला, मी माझ्याच वर्गातली गोष्ट सांगते. यात चूक माझीच आहे, म्हणून ती सांगायला मला संकोच वाटत नाही.

पाचवीच्या वर्गात एका मुलाने डबा उघडला. आत चपातीच्या चांदण्या होत्या, गाजराची चंद्रकोर होती आणि उकडलेल्या अंड्याचे पिल्लू होते. मला फार कौतुक वाटले. मी तो डबा हातात घेतला, साऱ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "पाहा, याच्या अम्मीने किती प्रेमाने डबा केला आहे!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने आपल्या डब्याचे झाकण हळूच लावले. मी ते पाहिले. पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला नाही. "भूक नाही, टीचर," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच उत्तर. मग मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि पुन्हा विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. नंतर खाली पाहत म्हणाली, "अम्मी सहा वाजता कामाला जाते, टीचर. घरच्या चपात्या मीच लाटते आणि माझा डबाही मीच भरते. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. एका मुलाच्या डब्याचे कौतुक केले, ही माझी चूक नव्हती. चूक एका शब्दात होती. 'प्रेमाने' हा शब्द मी चांदण्यांना चिकटवला होता. म्हणजे ज्यांच्या डब्यात चांदण्या नाहीत, त्यांच्या डब्यात प्रेम नाही, असेच जणू मी वर्गाला सांगितले होते. पहाटे उठून, अंधारात कामाला जाणाऱ्या आईचे प्रेम कमी असते का? अकरा वर्षांची मुलगी घरादारासाठी चपात्या लाटते, ते प्रेम नाही का? त्या मुलीच्या साध्या डब्यात जेवढे कष्ट होते, तेवढे त्या चांदण्यांच्या डब्यातही नसतील.

पुढच्या आठवड्यात कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना सांगितले, "उद्या प्रत्येकाने एक चपाती किंवा भाकरी आणि घरात असेल ते तोंडी लावणे आणायचे. विकत काही आणायचे नाही. सुरी वापरायची नाही. आपण आपापल्या हातांनी डबा सजवू." दुसऱ्या दिवशी वर्गात हसण्याचा पूर लोटला. कुणी भाकरीवर चटणीची मिशी काढली. कुणी चपातीची गुंडाळी करून तिला कांद्याची चाके लावली. त्या मुलीने चपातीची घडी घालून होडी केली. होडीत चटणीचा नावाडी बसवला आणि वर कांद्याच्या पाकळीचे शीड उभे केले. ज्याचा डबा मी वर्गभर मिरवला होता, त्या मुलाला होडीची घडी काही जमेना. त्याने घरी कधी चपातीला हातच लावला नव्हता. तो तिच्या बाकाजवळ गेला आणि तिने त्याला घडी शिकवली. मग दोघांनी आपापल्या होड्या खाऊन टाकल्या. त्या दिवशी तिच्या डब्याचे झाकण पूर्ण उघडे होते.

यावरून माझे मत तयार झाले. डबा सजवावा, जरूर सजवावा. पण तो खाणाऱ्यासाठी सजवावा, पाहणाऱ्यासाठी नाही. आणि सजवणारे हात नेहमी आईचेच असावेत, असाही नियम नसावा.

ही गोष्ट जपानमधल्या एका शाळेने फार चांगली ओळखली. कागावा या प्रांतात ताकिनोमिया नावाची प्राथमिक शाळा आहे. काझुओ ताकेशिता हे तिचे मुख्याध्यापक होते. त्यांनी २००१ साली शाळेत 'डब्याचा दिवस' सुरू केला. त्या दिवशी पाचवी-सहावीच्या मुलांनी स्वतःचा डबा स्वतः करून आणायचा असे. काय करायचे ते मुलांनीच ठरवायचे, बाजारहाट त्यांनीच करायचा, शिजवायचेही त्यांनीच आणि डबाही त्यांनीच भरायचा. आई-वडिलांना विनंती एकच होती, मदत करू नका! ही पद्धत पुढे जपानमधल्या इतर अनेक शाळांनी उचलली. मला यातली खरी गंमत अशी वाटते, की ज्या मुलाने एकदा स्वतः भात शिजवला, ते मूल पुढे आईच्या साध्या भातालाही नाव ठेवत नाही. हाताला चटका बसल्याशिवाय भाकरीची किंमत कळत नाही, हे आपल्याकडेही जुनी माणसे सांगतच आली आहेत.

आता कुणी विचारील, "ज्यांच्या घरी डब्यात भरायलाच काही नाही, त्यांनी काय करायचे?" हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात याच प्रश्नातून झाली. १८८९ साली त्सुरुओका या गावी, एका मंदिरात भरणाऱ्या शाळेत, गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे फुकट देण्यात आले. काही मुले डबा आणू शकत नव्हती, हे तिथल्या लोकांनी पाहिले होते. आपल्या देशातही १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आज सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. एका पंगतीत, एकच खिचडी खाताना कुणाचा डबा मोठा आणि कुणाचा लहान हा प्रश्नच उरत नाही. नववीत गेल्यावर मात्र पुन्हा डबे येतात आणि डब्यांबरोबर तुलनाही येते. तिथे अनपानमानची आठवण ठेवावी. आपल्या डब्यातला अर्धा भाग शेजाऱ्यापुढे सरकवावा; पण तो उपकार म्हणून नव्हे. "तुझी चटणी दे, माझी भाजी घे," असे म्हणावे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असे जेवताना तरी नसावे.

जेवणातला खेळ आपल्यालाही काही परका नाही. रुसलेल्या बाळाला चिऊचा घास, काऊचा घास म्हणून भरवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. चपात्या झाल्यावर उरलेल्या कणकेची चिमणी करून ती तव्यावर भाजून देणारी आजी अनेकांनी पाहिली आहे. आषाढी अमावास्येला कित्येक घरांत कणकेचे गोड दिवे उकडतात आणि ते तुपाबरोबर खातात. आपल्या घरांत गोड टिकियांवर चाळणीच्या पाठीने नक्षी उमटवणाऱ्या दादी-नानी असतात. शब-ए-बरातच्या हलव्याच्या वड्या कापताना घरातली मुले भोवती का जमतात? हलवा गोड असतो म्हणून आणि वडी देखणी असते म्हणूनही. तेव्हा सजावट शिकायला फार दूर जायला नको.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आता माध्यमिक शाळेत आहात. तुमचा डबा कुणी चांदण्यांनी सजवावा, असे तुमचे वय राहिले नाही. पण तुमच्या घरी धाकटा भाऊ किंवा बहीण असेल. आठवड्यातून एक दिवस त्यांचा डबा तुम्ही करा. हे काम मुलींचेच आहे, असे मुलांनी समजू नये. कणीक भिजवताना पालकाचा रस घातला, की चपाती हिरवी होते. बीट किसून घातले, की ती लाल होते. डब्याच्याच झाकणाने चपाती कापली, की गोल पुनव तयार. तेच झाकण थोडे सरकवून पुन्हा दाबले, की ईदची चंद्रकोर. कापून उरलेल्या कडा टाकू नका, त्यांचा कुस्करा करून गुळाबरोबर खा. वाटीत भात दाबून उपडा केला, की डोंगर होतो आणि त्यावर कोथिंबिरीची झाडे लावता येतात.

एक-दोन गोष्टी मात्र सांभाळा. हात स्वच्छ धुवा. कारण सजावट म्हणजे अन्नाला पुन्हा पुन्हा हात लावणे आले. गरम भातावर लगेच झाकण लावू नका. वाफेचे पाणी होते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत भात आंबतो. लहान मुलाच्या डब्यात काडी किंवा टाचणी कधीही खोचू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आदल्या दिवशीपेक्षा जास्त अन्न केवळ शोभेसाठी भरू नका. अर्धवट खाऊन फेकलेला ससा हा ससा नव्हे, ती अन्नाची नासाडी आहे.

कधी डबा सजवायला वेळ मिळाला नाही, तर मनाला लावून घेऊ नका आणि अम्मीला तर मुळीच बोल लावू नका. सकाळच्या घाईत, डोळ्यांवर झोप असताना कुणीतरी तुमच्यासाठी तवा तापवला, ही गोष्ट लहान नाही. तुमच्या वर्गात कुणी हात आडवा धरून जेवत असेल, तर त्याच्या डब्यात डोकावू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि आपला डबा उघडा. थोड्या वेळाने त्याचा हात आपोआप बाजूला होईल.